पाव आटा

कांचनच्या छातीत खारं पाणी सोडून परत ओढून घेतलं होतं. ते आता काचेच्या नळीत होतं आणि तळाशी चहाच्या चोथ्यासारखा गाळ बसला होता. डॉक्टर फडतरे बाईंनी नळी उजेडासमोर धरली आणि म्हणाल्या, हा सगळा कात्रज चौक आहे.

कांचन माझी मुलगी. तेव्हा बेचाळीस वर्षांची. वाहतूक पोलिसात होती आणि त्यातली चौदा वर्षं तिनं कात्रजच्या चौकात, घाटाच्या पायथ्याला उभ्यानं काढली होती. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून ती माझ्याकडंच राहायची, गॅरेजमागच्या दोन खोल्यांत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळं घरात आम्ही दोघंच. गेल्या दिवाळीपासून गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना ती चौथ्या पायरीवर थांबायला लागली. थांबायची आणि कठड्यावरची धूळ बोटानं पुसायची, जणू तेवढ्यासाठीच थांबली आहे.

फडतरे बाईंनी मला खुर्ची दिली आणि समजेल असं सांगितलं. धूर छातीत गेला की शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्याचे कण गिळतात. जंतू गिळला तर तो पचतो, पण काजळी पचत नाही. मग ती पेशी तो कण पोटात धरून वर्षानुवर्षं तशीच बसून राहते. तिच्याभोवतीची जागा हळूहळू चामड्यासारखी होत जाते. इतकं जुन्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं. नवीन होतं ते शेजारच्या खोलीतलं यंत्र. ते एकेक कण सुटा करून वाचत होतं.

काजळी म्हणजे नुसता काळा रंग नव्हे, असं बाई म्हणाल्या. द्राक्षाच्या घोसासारखे बारीक गोळे एकमेकांना चिकटलेले असतात आणि प्रत्येक गोळ्याच्या आत कांद्यासारखे पापुद्रे असतात. डिझेल किती पडलं, फवारा कुठं पडला, आग किती तापली, यावर त्या पापुद्र्यांची घडण ठरते. वर धातूचे अंश बसतात, कुठं ऑइलचे, कुठं झिजलेल्या ब्रेकचे. त्यामुळं कण बघून तो कुठल्या गाडीच्या पोटातून आला ते सांगता येतं.

पडद्यावर भाकरीएवढं गोल चित्र होतं, त्याचे तुकडे पाडलेले. एक तुकडा ब्रेकच्या भुकटीचा, एक टायरचा. विजेच्या गाड्या आल्यावर धूर संपला असं आम्ही धरून चाललो होतो, पण उतारावर जड गाडी ब्रेक मारते, टायर झिजतो, आणि झिजलेलं सगळं हवेतच जातं. एक तुकडा दुचाक्यांचा होता. कांचन पडद्याकडं बघत म्हणाली, "म्हणजे सगळ्यांची हजेरी लागली आहे माझ्याकडं." तेवढ्यावरच तिला खोकला आला.

सगळ्यात मोठा तुकडा काळा होता. शंभरातले चौतीस. बाई म्हणाल्या की हा एका गाडीचा नाही, कितीतरी गाड्यांचा आहे, वेगवेगळ्या वर्षांचा, पण हात एकाचा आहे. लागतं त्यापेक्षा जास्त डिझेल, ते फवारणारं नोझल केसभर वर उचललेलं, आणि वर तांब्याचा अंश. तांबं सहसा एवढं सापडत नाही. प्रत्येक माणसाचं अक्षर ओळखू येतं, तसं हे आहे.

औषध तयार होतं, पण ते चिमट्यासारखं होतं. चिमट्याचं तोंड त्या एका काजळीच्या घडणीप्रमाणं कोरायला लागायचं, आणि त्यासाठी ताजी काजळी हवी होती, वाटीभर. छातीतून निघालेली जुनी काजळी चालत नव्हती. ज्या हातानं ते पंप लावले त्या माणसाला शोधून एक इंजिन पुन्हा तसंच लावून घेतलं तर पंधरा दिवसांत औषध बनेल.

"काका, तुम्ही याच धंद्यातले ना?" बाईंनी विचारलं. "असं काम कोण करायचं, काही अंदाज?"

मी म्हणालो, शोधतो.

कांचन बाहीचं बटण लावत होती. तिनं मान वर केली नाही.

डिझेलच्या पंपावर एक स्क्रू असतो. इंजिनात जास्तीत जास्त किती डिझेल जावं ते त्यावर ठरतं. कंपनी तो एका जागेवर बसवते आणि तार ओवून शिशाचं सील मारते. पण दहा हजार लिटर पाण्याचा टँकर कात्रजच्या चढाला लागला की त्या जागेवर भागत नाही. ड्रायव्हर यायचा आणि म्हणायचा, मिस्त्री, ओढत नाही. मी सील तोडायचो, स्क्रू पाव आटा आत घ्यायचो, म्हणजे एका फेऱ्याचा चौथा हिस्सा, आणि पुन्हा सील मारायचो. गाडी घाटाला लागली की ड्रायव्हर फोन करून सांगायचा की तिसऱ्या गिअरवर चढतेय. जास्तीचं डिझेल पुरतं जळत नव्हतं, काळं होऊन बाहेर पडत होतं. ते सगळ्यांना दिसत होतं. आम्ही म्हणायचो, गाडीला दम आला.

पासिंगच्या दिवशी स्क्रू पाव आटा मागं घ्यायचा. धूर मोजणारं मशीन हिरवा दिवा दाखवायचं. पासिंग करून गाडी परत आली की पाव आटा पुढं. यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. तो कामाचाच भाग होता, सकाळी शटर वर करावं तसा.

दुसरी गोष्ट माझ्या उस्तादाची. नोझलखाली तांब्याचं एक वायसर, म्हणजे पातळ चकती, बसतं. उस्ताद दोन बसवायचे, नोझल केसभर वर राहतं आणि जळत नाही म्हणून. वायसर आधी लाल तापवून पाण्यात टाकायचं, म्हणजे ते मऊ पडतं. हे काम कांचन करायची. शाळेतून आली की स्टोव्हसमोर बसून चिमट्यात वायसर धरायची आणि लाल झालं की पाण्यात सोडायची. त्याच टेबलावर तिनं मला अक्षरं शिकवली. ती चौथीत होती आणि मी एक्केचाळीस वर्षांचा. आकडे मला यायचे, अक्षरं येत नव्हती. नाव लिहिता आलं त्या आठवड्यात मी सील मारायच्या पकडीवर कानशीनं ध कोरला. धोंडीरामाचा ध. त्याआधी माझ्या सीलवर नुसते तीन ठिपके होते.

पुढं गल्लीतली माणसं माझ्याकडं कागद वाचायला आणायला लागली. सगळ्यात जास्त हौसाबाई. ती चौकात दुभाजकावर बसून लिंबू-मिरची विकायची, शनिवारी टँकरवाल्यांना स्वतःच्या हातानं बांधून द्यायची, पुढच्या बंपरला एक आणि मागच्याला एक. मागची बांधताना तिचं तोंड सायलेन्सरपाशी यायचं. कांचनला ती फौजदारीणबाई म्हणायची आणि तिच्या टोपीखाली झेंडूचं फूल खोचायची. मोबाईल आता कुठलाही कागद वाचून दाखवतो, पण हौसाबाईचं म्हणणं असं की त्याचं तोंड दिसत नाही, मग खरं-खोटं कसं कळायचं.

शहरात मोटारी, रिक्षा, बस सगळं विजेवर गेलं. टँकर आणि खडीचे डंपर मात्र राहिले. डोंगरावर इमारती चढत होत्या, त्यांना पाणी आणि खडी लागत होती, म्हणून जुन्या गाड्यांना दरवर्षी आणखी एक वर्ष मिळत होतं. कात्रज बशीच्या काठासारखं डोंगराला टेकलेलं आहे. हिवाळ्यात थंड हवा खाली बसते आणि धूर वर जात नाही. सिग्नलला चाळीस गाड्या उभ्या असल्या की पिवळ्या पट्ट्यावर उभं असलेलं माणूस त्या धुराच्या तळाशी असतं. ते माणूस माझी मुलगी होती, आणि मी दुपारी तिला डबा नेऊन द्यायचो.

मी शोधायला निघालो. म्हणजे सकाळी टोपी घालून बाहेर पडायचो आणि कुठंतरी बसून यायचो. एकदा मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, एकदा सासवडच्या रस्त्याला भंगारवाल्यांकडं. संध्याकाळी कांचन विचारायची, "अण्णा, सापडला का मिस्त्री?" मी म्हणायचो, एकाचं नाव कळलंय, पण तो वारला म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुसरं काहीतरी सांगायचो.

तोवर शहरात बरेच लोक छाती वाचून घ्यायला लागले होते. कागदावर गाड्यांचे तुकडे येत होते आणि माणसं आपापल्या ओळखीच्या गाड्या शोधत होती. आमच्या मागच्या सोसायटीत एका बाईच्या छातीत तिच्याच नवऱ्याच्या जुन्या बुलेटची काजळी निघाली. पार्किंगवरच त्यांची खिडकी होती आणि तो रोज सकाळी गाडी गरम करत उभा राहायचा. बाई माहेरी गेली. एका शाळेच्या व्हॅनवाल्याच्या घराच्या काचा फुटल्या. फोडणारे पालक होते, आणि त्याच्या व्हॅनमध्ये मुलं बसवणारेही तेच. शिक्षा काय करायची हे कायद्यात अजून ठरलं नव्हतं, त्यामुळं जो तो आपल्या मनानं ठरवत होता.

मला काचांची भीती नव्हती. गॅरेजला काच आहे कुठं? भीती एकच होती. कांचन माझ्याकडं ज्या नजरेनं बघायची ती नजर जाईल. तिनं मला अक्षरं शिकवली होती. चौकातल्या पोरांना ती सांगायची, माझे अण्णा पंपाचे डॉक्टर आहेत.

अठरा दिवस गेले. ती गच्चीवर जायची बंद झाली. मग ओट्यापाशी उभी राहायची बंद झाली. स्टुलावर बसून भाजी चिरायची आणि मध्येच विळी बाजूला ठेवून भिंतीला डोकं टेकायची.

विसाव्या दिवशी मी खरंच शोधायला निघालो. तसा पंप लावता येईल असं एक तरी इंजिन लागणार होतं. रामलिंगकडं जुना टँकर होता. तीस वर्षं त्याच्या गाडीचं काम मीच केलं होतं. टँकर त्याच्या आंबेगावच्या जागेत बाभळीखाली उभा होता, टायर बसलेले, पण इंजिन चालू होत होतं. मी पंपाजवळ वाकलो. तारेला माझं सील तसंच होतं. शिशावरचा ध पुसट झाला होता.

रामलिंगनं चहा मागवला आणि कांचनची चौकशी केली. म्हणाला की ताईंचे उपकार आहेत. मी विचारलं, कसले. तर म्हणाला, "मिस्त्री, तुम्हाला नाही माहीत? ताईंनी आपल्या गाड्या कधी अडवल्या नाहीत. धूर दिसला की दुसऱ्याला बाजूला घ्यायच्या, पावती फाडायच्या. आपली गाडी आली की वाकून पंपाचं सील बघायच्या आणि हात करायच्या, जा म्हणून. आम्ही सगळ्यांना सांगायचो, मिस्त्रींच्या हातची गाडी असली की चौकात भीती नाही."

चहा आला. मी तो प्यायलो की नाही, आठवत नाही.

घरी आलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. कांचन पलंगावर उशा लावून बसली होती. तिनं विचारलं, "सापडला का मिस्त्री?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. म्हणालो, "मीच आहे."

"हो," ती म्हणाली.

तिनं उशी पाठीशी सरकवली. मग ती थांबत थांबत बोलली. "तांब्याचं नाव निघालं तेव्हाच कळलं मला. वायसर मीच भाजून द्यायचे."

"मग डॉक्टरीणबाईंना का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सांगाल म्हणून."

मी म्हणालो की वीस दिवस गेले, तुझे गेले. ती म्हणाली की गाड्या जाऊ देताना चौदा वर्षं तिला काही वाटलं नाही, मग वीस दिवस थांबायला काय झालं. तिनं हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "सीलवर तुमचं अक्षर दिसायचं, अण्णा. मी शिकवलेलं. त्याला कशी अडवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फडतरे बाई दोन माणसं आणि एक पेटी घेऊन आंबेगावला आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, हात अजून तसाच चालेल का. टँकर उभा राहून राहून पंपाचा हिशेब सुटला होता, म्हणून सगळं पहिल्यापासून लावायचं होतं.

मी सील तोडलं. पंप साफ केला, नोझल उतरवली. वायसर स्टोव्हवर लाल केली, पाण्यात टाकली, दोन-दोन बसवली. स्क्रू आधी कंपनीच्या खुणेवर आणला. आयुष्यभर जे केलं ते आता समजून करायचं होतं. पण पाना बसला आणि मनगट आपोआप फिरलं, पाव आटा, ना कमी ना जास्त. रामलिंगनं इंजिन चालू केलं. पहिला लोट काळा आला आणि बाभळीवरची पाखरं उडाली. बाईंच्या माणसांनी सायलेन्सरला काचेचं भांडं लावलं. दोन तास इंजिन चालवलं. मी बाजूला उभा राहिलो नाही. भांड्यापाशीच उभा राहिलो.

बाईंनी चिमूटभर काजळी पेटीतल्या छोट्या यंत्रात घातली आणि म्हणाल्या, जुळली. अगदी तीच.

काम संपल्यावर माझ्या लक्षात आलं की मी नवी तार ओवली होती आणि सीलही मारलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. ते मी पुन्हा तोडलं आणि पकड रामलिंगच्या विहिरीत टाकली.

औषध सोळा दिवसांनी आलं. कांचनला तीन वेळा दिलं. दर वेळी ती दोन दिवस खोकायची आणि बाटलीत काळं पाणी पडायचं. चौथ्या आठवड्यात ती दवाखान्याच्या व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. फडतरे बाईंनी चित्र दाखवलं. उजवं फुप्फुस बरंच उघडलं होतं. डाव्याचा खालचा भाग पांढरा दिसत होता. तो आता चामडं झाला होता, तो उघडणार नव्हता.

मी विचारलं, वीस दिवस आधी आलो असतो तर? बाई हात धूत होत्या. म्हणाल्या, काका, ते राहू द्या. मी पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांनी नळ बंद केला आणि सांगितलं, तो भाग वाचला असता.

कांचनला आता चौक नाही. ऑफिसात खुर्चीवरचं काम मिळेल, अर्धा दिवस. पिशवीत ऑक्सिजनची लहान बाटली घेऊन ती जाईल आणि येईल.

निघताना बाईंनी एक अर्ज पुढं केला. आमच्या प्रभागात तोवर जेवढ्या जणांनी छाती वाचून घेतली होती त्यातल्या तीनशे बारा जणांकडं तोच हात निघाला होता. माझ्या काजळीवर कोरलेलं औषध त्यांनाही चालणार होतं. प्रत्येकाला पत्र जाणार होतं. अर्जात मिस्त्रीच्या नावाची एक ओळ होती आणि तिच्यापुढं एक चौकोन, नाव गुप्त ठेवावं असं वाटत असेल तर त्यात खूण करायची. बहुतेक लोक खूण करतात, असं बाईंनी सांगितलं. व्हॅनवाल्याच्या काचांचं त्यांनाही ठाऊक होतं.

मी कांचनकडं बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडं बघू नका. पेन तुमच्या हातात आहे."

मी चौकोन मोकळा सोडला आणि नाव लिहिलं. हळू लिहावं लागतं मला. प्रत्येक अक्षर सुटं करून, वरची रेघ शेवटी. बाई म्हणाल्या की पत्रावर हेच अक्षर छापून जाईल.

शुक्रवारी पत्रं वाटली गेली. शनिवारी सकाळी मी शटर पूर्ण वर केलं, खुर्ची दारात ठेवली आणि बसलो. कांचन आत होती. रस्त्यावरून माणसं जात होती. काही जण वळून बघत होते, काही मुद्दाम बघत नव्हते. समोरच्या दुकानदारानं रोज राम राम घालावा, त्या दिवशी घातला नाही.

सगळ्यात आधी आली ती हौसाबाई. काठी टेकत, मध्ये दोनदा थांबून. हातात पांढरा लिफाफा होता, न फोडलेला. पायरीवर बसली, श्वास खाली बसू दिला आणि लिफाफा माझ्याकडं दिला.

"दवाखान्याचं हाय म्हनं," ती म्हणाली. "वाचा जरा, मिस्त्री."

मी लिफाफा फोडला. चष्मा लावला. वाचलं की आपल्या छातीतल्या काजळीचा मोठा भाग कुठून आला याचा शोध लागला आहे. वाचलं की त्यावर औषध आहे आणि आपण अमुक तारखेला यावं. हौसाबाई मान हलवत ऐकत होती.

"कुनाचं काम हुतं ते लिवलंय का?"

"लिहिलंय."

"मग वाचा की."

मी वाचलं. "धोंडीराम ज्ञानू लोहार, डिझेल पंप मिस्त्री, कात्रज."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग कागदाकडं. मग कागद माझ्या हातातून घेऊन तिनं नावावर बोट ठेवलं, वाचता येत नसतानाही बरोबर नावावरच, कारण बाकी सगळं छापील होतं आणि तेवढंच हातानं लिहिलेलं.

"चुकलं आसंल," ती म्हणाली.

"नाही चुकलं. अक्षर माझं आहे."

तिला खोकला आला. तो पुष्कळ वेळ चालला. आतून कांचन पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिच्यापाशी पायरीवर बसली, स्वतःही दमलेली. हौसाबाई पाणी प्यायली, तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि कागद परत माझ्यापुढं धरला. गल्लीच्या टोकाला आणखी चार-पाच माणसं उभी होती, हातात तसेच पांढरे लिफाफे.

"पयल्यापास्नं वाचा," ती म्हणाली. "समदं."

मी चष्मा पुसला आणि पहिल्यापासून वाचायला लागलो.